मोफत राउटर नको, स्वतःचा लावू द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकाच्या घडीतून एक गुळगुळीत पत्रक ओटीवर पडलं. ‘३०० एमबीपीएस फायबर. राउटर मोफत. जोडणी मोफत.’ तीनशेचा आकडा तळहाताएवढा. तो मोफत राउटर कोणत्या बनावटीचा, त्याचं वायफाय कसलं, त्याच्या मागची पोर्टं, म्हणजे वायर लावायची भोकं, किती वेगाची, याबद्दल अवाक्षर नव्हतं. असल्याच एका पत्रकावर भरवसा ठेवून दीड वर्षापूर्वी मी घरी जोडणी घेतली. मग वेग नेमका कुठे अडतोय ते शोधण्यात आणि सापडल्यावर तो अडथळा दूर करायची परवानगी मिळवण्यात माझे साडेतीन महिने गेले. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल. जागेसाठी कापावं लागलं तर माझी हकिगत कापा, आकडे तेवढे राहू द्या.

मी १९८४ साली डाक-तार खात्यात लागलो. पुढच्याच वर्षी टपाल आणि दूरसंचार वेगळे झाले, २००० साली भारत संचार निगम (बीएसएनएल) झालं, आणि ३१ जानेवारी २०२० रोजी देशभरातले सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले, त्यांत मीही होतो. बहुतेक नोकरी केबल जॉइंटिंगमध्ये गेली. भर पावसात खड्ड्यात बसायचं, वर ताडपत्री धरायची आणि शंभर पेअरची केबल रंग बघत जोडायची. हे सांगतो ते एवढ्यासाठी की मला वायरची भाषा कळते. तरीही मला साडेतीन महिने लागले. ज्यांना ती कळत नाही त्यांचं काय होत असेल, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

आमचं घर चिपळुणात, जुनं जांभ्याचं. माजघराच्या भिंती दीड फुटी. मागच्या बाजूला स्लॅब टाकून वर दोन खोल्या नंतर बांधल्या. २२ जुलै २०२१ च्या पुरात खालच्या घरात छातीएवढं पाणी होतं. तेव्हापासून विजेवर चालणारी कुठलीही वस्तू जमिनीलगत ठेवायची नाही, हा घरचा नियम आहे. खांब रस्त्याच्या बाजूला असल्यामुळे कंपनीच्या माणसानं वायर पुढून आत घेतली आणि ओटीच्या भिंतीवर उंच राउटरचा डबा ठोकला. सूनबाई पुण्यातल्या एका कंपनीचं हिशेबाचं काम घरून करते, ती मागच्या वरच्या खोलीत बसते. मध्ये जांभ्याच्या दोन भिंती आणि एक स्लॅब. तिला दिवसातून तीन-चार वेळा व्हिडिओ कॉलवर बसावं लागतं. “बाबा, माझा चेहरा सारखा गोठतोय म्हणतात,” ती म्हणाली, तेव्हा पहिल्यांदा मी मोजायला बसलो.

प्लॅन होता २०० एमबीपीएसचा. डब्याला वायर लावून लॅपटॉपवर मोजलं तर ९४. पहाटे मोजलं, दुपारी मोजलं, रात्री मोजलं, आकडा ९४ च्या आसपासच. डब्याजवळ वायफायवर ५५ ते ६०. वरच्या खोलीत ६, कधी ८.

लाईन खराब असेल तर आकडा हलतो. रात्री गर्दीनं पडतो, पहाटे चढतो. सगळ्या वेळी ९४ च येत असेल तर दोष लाईनचा नाही, पोर्टचा आहे. शंभर एमबीपीएसच्या पोर्टातून डेटाच्या पाकिटांचा वरखर्च वजा जाता साधारण तेवढंच बाहेर पडतं. मी डबा उलटा करून त्याचा नंबर बघितला. खरोखरच मागची चारही पोर्टं शंभरची होती आणि वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं, म्हणजे जुन्या पट्ट्यातलं. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल मिळतात तीनच: १, ६ आणि ११. आमच्या आळीत माझ्या फोनला चौदा वायफाय दिसतात. चौदा घरं तीन चॅनेलांवर बोलतायत.

म्हणजे कंपनी माझ्या दारापर्यंत दोनशे आणत होती आणि तिनंच दिलेला डबा त्यातला निम्मा वेग दारातच अडवत होता. १०० चा प्लॅन महिना ५९९ रुपयांना होता, २०० चा ७९९ ला. फरक २०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी धरून २३६. वर्षाचे २,८३२ रुपये मी अशा वेगासाठी भरले होते जो त्या डब्यातून बाहेर पडणं शक्यच नव्हतं. कॉल सेंटरला हे सांगितलं तर उत्तर आलं, “सर, ३०० चा प्लॅन घ्या, स्पीड वाढेल.” फोनवरची मुलगी नम्र होती. तिला जे लिहून दिलंय तेच ती वाचत होती, तिच्यावर माझा राग नाही.

मी स्वतःचा राउटर घ्यायचं ठरवलं.

इथे एक गोष्ट आधी स्पष्ट करतो, कारण आपल्याकडे सगळ्याच डब्यांना लोक ‘मोडेम’ म्हणतात. फायबरच्या जोडणीत मोडेम नसतो. काचेच्या तारेतून प्रकाश येतो आणि त्याचे विजेचे संकेत करणारा जो डबा असतो त्याला ओएनटी म्हणतात. ते इंटरनेट घरभर वाटून देणारा तो राउटर. आजकाल दोन्ही कामं एकाच डब्यात कोंबलेली असतात, त्यामुळे फरक लक्षात येत नाही. आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींचा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्यानं वडिलांसाठी तिकडून चांगला महागडा मोडेम आणला. त्याला मागे आटे असलेलं गोल भोक, टीव्हीच्या केबलसारखं. तिकडे बऱ्याच घरांत इंटरनेट त्या जाड केबलमधून येतं, तिथे तो उत्तम चालला असता. इथे त्याला लावायला वायरच नाही. त्याच्या मनात वडिलांची काळजीच होती, पण वीस हजारांची वस्तू कपाटात पडून आहे. तेव्हा विकत घ्यायचा तो राउटर, आणि ज्याच्या मागे ‘वॅन’ लिहिलेलं चौकोनी इथरनेट पोर्ट असेल तो. बारीक टेलिफोनच्या वायरीचं पोर्ट असलेला डबा जुन्या तांब्याच्या लाईनीसाठीचा, तोही फायबरला उपयोगाचा नाही.

दुकानात दुसरा सापळा असतो. खोक्यावर ‘एसी १२००’ असं ठळक लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ वेग १२०० असा नाही. २.४ च्या पट्ट्याचे ३०० आणि ५ च्या पट्ट्याचे ८६७, यांची ती बेरीज आहे. तीही कागदावरची, आणि एक फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो. वाईट हे की अशा बाराशेच्या कित्येक राउटरांची मागची पोर्टं शंभरचीच असतात. आत येणारं दारच शंभरचं, मग वायफाय बाराशेचं असून काय करायचं? मी दुकानदाराला म्हटलं, खोकं उघडू नका, बाजूवरचा बारीक मजकूर वाचू द्या. ‘गिगाबिट’ हा शब्द, किंवा पोर्टांपुढे १० आणि १०० च्या पुढे १००० हा आकडा, नसेल तर ते खोकं परत ठेवा. मी वायफाय ६ चा, सगळी पोर्टं गिगाबिट असलेला राउटर ३,४०० रुपयांना घेतला. वर सांगितलेल्या २,८३२ रुपयांशी ही रक्कम ताडून बघा.

राउटर आणला त्या दिवशी वाटलं, झालं काम. खरी वाट तिथून पुढे लागली.

कंपनीच्या डब्यामागे माझा राउटर नुसता लावला तर इंटरनेट चालतं, पण डब्याचं पोर्ट शंभरचं ते शंभरचंच. शिवाय घरात दोन राउटर एकामागे एक फोन-लॅपटॉपना नेटवर्कचे पत्ते वाटत बसतात आणि घरातला कॅमेरा बाहेरून बघणं असल्या गोष्टी अडखळतात. हवं होतं ते असं: कंपनीनं साधा ओएनटी द्यावा, एक गिगाबिट पोर्टाचा, वायफाय नसलेला, ‘ब्रिज’ पद्धतीनं चालणारा, म्हणजे इंटरनेट स्वतः न वाटता नुसतं पुढे देणारा, आणि लॉगिनचं नाव व पासवर्ड मला द्यावा म्हणजे तो मी माझ्या राउटरमध्ये भरीन. पहिल्या फोनला उत्तर मिळालं, बाहेरचा राउटर चालत नाही. दुसऱ्याला, चालतो पण आमची जबाबदारी नाही. तिसऱ्याला, पासवर्ड सुरक्षेच्या कारणास्तव ग्राहकाला देता येत नाही. पासवर्ड माझ्या जोडणीचा आणि सुरक्षा माझ्यापासून! दोन ईमेल केले, त्यांना तक्रार क्रमांकाखेरीज काही उत्तर आलं नाही. तक्रार ‘सोडवली’ असा संदेश मात्र दोनदा आला.

शेवटी काम केलं ते वायर जोडणाऱ्या मुलानं. पावसात आमच्या खांबावरची वायर वानरांनी ओढली आणि डब्यावरचा लाल दिवा लागला, म्हणून तो आला होता. स्प्लायसिंग करून, म्हणजे काचेची तार सांधून, त्यानं प्रकाश मोजला तर उणे २६. मी म्हटलं, हे फार काठावर आहे, पाऊस वाढला की परत जाईल, आतला जोड बघ. बघितलं तर आत हिरवं आणि निळं टोक एकमेकांना लावलेलं. हिरव्याचं तोंड तिरकं घासलेलं असतं आणि निळ्याचं सरळ, दोन्ही नीट भिडत नाहीत आणि प्रकाश वाया जातो. त्यानं टोक बदललं, उणे १९ आलं. मग आम्ही चहा घेतला आणि मी माझी अडचण सांगितली. तो म्हणाला, “काका, तसला साधा डबा माझ्या गाडीतच आहे, कुणी मागत नाही म्हणून पडून असतो.” त्यानं ऑफिसात एक फोन करून नव्या डब्याचा सिरियल नंबर चढवून घेतला, लॉगिनचा पासवर्ड नवीन करून घेतला, आणि व्हीलॅनचा, म्हणजे एकाच तारेवरची आपली सेवा वेगळी ओळखायचा, एक आकडा मला वहीत लिहायला सांगितला. वीस मिनिटं लागली. ज्यासाठी मी साडेतीन महिने फोन करत होतो ते काम वीस मिनिटांचं होतं, सामान गाडीत होतं, आणि ते करायला लागणारी माहिती तीन ओळींची होती.

त्या साध्या डब्यापासून मी पंचवीस मीटर कॅट-६ वायर बाहेरच्या पन्हाळीलगत पाइपातून वर नेली आणि नवा राउटर वरच्या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीवर बसवला. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर वेग जास्त मिळतो, पण जांभ्याच्या भिंतीपुढे त्यांचं काही चालत नाही. म्हणून राउटरच माणसं बसतात तिथे न्यावा आणि भिंती वायरीनं ओलांडाव्यात. बाजारात सिग्नल वाढवणारे बिनवायरीचे रिपीटर मिळतात, त्यांतले साधे तर ऐकायला आणि बोलायला एकच लहर वापरतात, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. वायर ओढणं शक्य असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये. खाली ओटीवर आणि टीव्हीला माझा जुना राउटर लावला, त्यातलं पत्तेवाटपाचं काम तेवढं बंद केलं. आता वर वायफायवर १८० च्या वर मिळतात. सूनबाईचा चेहरा गोठत नाही. प्लॅन तोच, लाईन तीच.

यात मला सर्वांत जास्त खुपतं ते वेगळंच. निगमानं २००५ साली तांब्याच्या लाईनीवर ब्रॉडबँड सुरू केलं तेव्हा ग्राहकापुढे दोन रस्ते होते: मोडेम भाड्यानं घ्या किंवा विकत घ्या. बाजारातून दुसरा आणला तरी चालायचा. सेटिंग काय भरायचं हे कुणापासून लपवलेलं नव्हतं. शून्य आणि पस्तीस हे दोन आकडे आमच्या एक्स्चेंजच्या भिंतीवर लिहिलेले होते, मोडेम विकणाऱ्या दुकानदारांना पाठ होते, कॉलेजातल्या पोरांना पाठ होते. लॉगिनचं नाव आणि पासवर्ड ग्राहकाला कागदावर मिळायचा. मी स्वतः कितीतरी घरांत लोकांचे स्वतःचे मोडेम लावून दिलेत. त्याच्याही आधी टेलिफोनचं यंत्रसुद्धा खात्याच्या मालकीचं असायचं, ते काळं जड यंत्र, आणि ग्राहकाला दुसरं लावायला मनाई होती. पुढे ती मनाई उठली, लोकांनी आपापल्या पसंतीचे फोन घेतले आणि एक्स्चेंजला काही झालं नाही. एवढा रस्ता आपण चालून आलो आणि तांबं जाऊन काच आली तेव्हा मागे फिरलो. हे का व्हावं?

कंपन्यांची बाजू मला माहीत आहे, आणि तिच्यात तथ्यही आहे. फायबरमध्ये एकच तार पुढे फुटून बत्तीस किंवा चौसष्ट घरांत जाते आणि सुमारे अडीच हजार एमबीपीएसचा एकच प्रवाह सगळ्यांत वाटला जातो. प्रत्येक घरच्या ओएनटीनं आपली पाळी आली की मगच प्रकाश सोडायचा असतो. एखादा बिघडलेला किंवा न जुळणारा ओएनटी भलत्या वेळी बोलू लागला तर अख्ख्या आळीचं इंटरनेट बसतं. म्हणून ओएनटी कंपनीचा असावा हे मी मान्य करतो. पण हे कारण ओएनटीपुरतंच आहे. त्याच्या पुढचा राउटर माझ्या घरातला, माझ्या पासवर्डचा, माझ्या नातवाच्या अभ्यासाचा. त्याला हे कारण लागू होत नाही.

दुसरीकडे हा प्रश्न सोडवलेला आहे. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायदा असा की कंपनीची हद्द भिंतीतल्या जोडणीपाशी संपते. पुढचं यंत्र ग्राहकाच्या पसंतीचं, आणि लॉगिनची माहिती त्यानं न मागता, फुकट द्यायची. अमेरिकेत डिसेंबर २०२० पासून जे यंत्र कंपनीनं दिलंच नाही त्याचं भाडं तिला बिलात लावता येत नाही. आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलून किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केला, ते चांगलंच झालं. पण दारापर्यंत आलेला वेग घरात कोणत्या डब्यातून जातो, हा प्रश्न ग्राहकाच्या नशिबावर सोडलेला आहे.

प्लॅन कोणता घ्यावा, हे मला आळीतले लोक आता रोज विचारतात. मी आधी विचारतो, घरात एका वेळी किती पडदे चालू असतात? चांगल्या चित्राच्या एका टीव्हीला साधारण ५ एमबीपीएस लागतात, फोर-के असेल तर १५ ते २५. व्हिडिओ कॉलला तीन-चार पुरतात, पण तेवढेच वर जातानाही मिळायला हवेत, म्हणून खाली येणारा आणि वर जाणारा वेग सारखा आहे का, हे आवर्जून विचारा. नवरा-बायको, दोन मुलं आणि एक टीव्ही अशा घराला ५० किंवा १०० पुष्कळ होतात. गुरुजी आणि बाई दोघंच. मुलाशी संध्याकाळी बोलणं आणि कीर्तनं ऐकणं एवढाच त्यांचा वापर, त्यांना ३०० चा प्लॅन विकणं मला अन्यायाचं वाटतं. आणि एमबीपीएस म्हणजे मेगाबाइट नव्हेत. २०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २५ मेगाबाइट, आठानं भागायचं.

‘अनलिमिटेड’च्या खाली बारीक अक्षरात ३,३०० जीबीची मर्यादा असते, ती ओलांडली की वेग खाली येतो. लोक तिला उगाच घाबरतात. चांगल्या चित्राचा टीव्ही तासाला साधारण ३ जीबी घेतो. महिन्याचे तासच ७२०. टीव्ही रात्रंदिवस चालू ठेवला तरी २,१६० जीबी होतील. ती मर्यादा वाढवून घ्यायला जादा पैसे मोजू नका. ओटीटीचे पाच-सहा अॅप जोडलेले प्लॅन घेताना मात्र कागद-पेन्सिल घ्या. त्यांतले किती अॅप घरात खरोखर उघडले जातात ते मोजा आणि लक्षात ठेवा की पत्रकावरच्या किमतीवर १८ टक्के कर चढतो. ५९९ चे ७०६ रुपये ८२ पैसे होतात.

वर्षाचे पैसे एकदम भरू नका, निदान पहिल्या वर्षी तरी. मी ११,३१३ रुपये भरून बसलो होतो, म्हणून चौथ्या फोनलाही कुणाला घाई नव्हती. तीन महिन्यांचे भरा, एक पावसाळा बघा. आणि ‘मोफत’ डबा कुणाच्या मालकीचा, जोडणी बंद केली तर तो परत कुठे द्यायचा, पोच मिळते का, हे लिहून घ्या. माझ्या मेहुण्यानं जोडणी बंद केली तेव्हा डबा न्यायला दोन महिने कुणी आलं नाही आणि नंतर त्याच मोफत डब्याची किंमत मागणारा संदेश आला.

कोकणातल्या वाचकांसाठी आणखी एक. तांब्याच्या टेलिफोनला वीज एक्स्चेंजमधून मिळायची, ४८ व्होल्ट, तारेतूनच. गावातले दिवे गेले तरी फोन चालायचा, पुरात पाणी चढेपर्यंत चालायचा. काचेतून प्रकाश येतो, वीज येत नाही. त्यामुळे आकाशातली वीज त्या वाटेनं डब्यात शिरायची भीती गेली, पण दिवे गेले की डबाही गेला. यासाठी राउटरचा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस मिळतो, हजार-बाराशेला. घेताना ओएनटी आणि राउटर दोघांच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर लिहून न्या आणि दोन्ही डबे त्यावर चालतील असा घ्या. नुसता राउटर चालू राहिला तर वायफायच्या काड्या दिसतील, इंटरनेट नसेल. आमच्याकडे चार तास निघतात. गडगडाट सुरू झाला की मात्र मी भिंतीतले अडॅप्टर उपसून ठेवतो, कारण विजेच्या तारांतून येणारा झटका चुकत नाही.

ज्यांना माझ्यासारखी उत्तरं मिळाली असतील त्यांनी फोनवर थांबू नये. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार क्रमांक द्यावा लागतो आणि तिथे समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. त्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, तळाशी, शोधावा लागतो. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. आणि टेलिफोन-इंटरनेटची तक्रार ग्राहक न्यायालयात चालत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती चालते असा निकाल दिलेला आहे.

ट्रायकडे आणि दूरसंचार विभागाकडे माझी मागणी मोठी नाही. जाहिरातीत जिथे वेगाचा आकडा छापाल तिथेच सोबतच्या डब्याची पोर्टं किती वेगाची आणि वायफाय कोणत्या पट्ट्यांवर चालतं ते छापा, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. ग्राहकानं मागितलं तर वायफाय नसलेला साधा ओएनटी द्या. आणि लॉगिनचं नाव, पासवर्ड, व्हीलॅनचा आकडा, या तीन ओळी जोडणीच्या दिवशीच पावतीवर लिहून द्या. आपल्या दैनिकानं अशी पत्रकं अंकात घालताना जाहिरातदाराकडून निदान पहिली गोष्ट मागावी, ही आपल्यालाही विनंती आहे. २००५ पासून ज्या लोकांनी आम्हाला विचारून मोडेम घेतले ते आजही रस्त्यात थांबवून विचारतात, आणि त्यांना “कंपनी देईल तो घ्या” असं सांगायला माझी जीभ वळत नाही.

ते पत्रक गुरुजींच्याही हाती पडलं होतं. सोमवारी आम्ही दोघांनी त्यावरच्या क्रमांकावर लिहून विचारलं: राउटरचं नाव काय, पोर्टं गिगाबिट आहेत का, आणि आम्ही स्वतःचा राउटर लावला तर लॉगिन द्याल का. अर्ध्या तासात उत्तर आलं, ‘इन्स्टॉलेशन उद्या करू, घराचं लोकेशन पाठवा.’ गुरुजींनी तेच तीन प्रश्न पुन्हा पाठवले आहेत आणि लोकेशन अजून पाठवलेलं नाही. आज पाचवा दिवस आहे. उत्तर आलं तर मी आपल्याला कळवीन.

आपला,
एक निवृत्त केबल जॉइंटर, चिपळूण
(नाव व पत्ता संपादकांकडे)